बीच हाउस: आठ अल्बम की एकच लांबलचक गाणं?

वाऱ्यावरची_वही

नमस्कार मंडळी. इथे इंग्रजी गाण्यांवर धागे निघतात ते बहुधा रॉक आणि मेटलचे, आणि तिसऱ्या पानापर्यंत त्यांची मारामारी होते. म्हणून जरा शांत विषय घेऊन आलोय.

बीच हाउस ही अमेरिकेतल्या बाल्टिमोरची जोडी. व्हिक्टोरिया लग्रां गाते आणि कीबोर्ड वाजवते, ॲलेक्स स्कॅली गिटार आणि बाकीचं बरंच काही वाजवतो. २००४ साली दोघं एकत्र आले, २००६ मध्ये त्यांच्याच नावाचा पहिला अल्बम आला आणि २०२२ मध्ये आठवा, 'वन्स ट्वाइस मेलडी'. समीक्षक भरभरून कौतुक करतात. मी सगळे अल्बम क्रमाने ऐकले. वाईट एकही नाही. पण मधूनच कुठलंही गाणं लावलं तर ते कोणत्या अल्बममधलं आहे हे मला सांगता येत नाही. तोच ऑर्गन, तोच संथ ठेका, लांबून येणारा तोच आवाज.

तर प्रश्न असा: सोळा वर्षं एकच गोष्ट करत राहणं हा या दोघांचा गुण आहे की आळस? आणि फरक असेलच, तर तो नेमका कुठे ऐकायचा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'अप्रतिम!!!' एवढाच प्रतिसाद देणाऱ्यांचेही आभार, पण त्याने माझं काम होणार नाही.

गोधडी

अप्रतिम!!!

निमूट

झोपेच्या गोळीला पर्याय म्हणून ऐकतो. चौथ्या गाण्याच्या पुढे कधी पोचलोच नाही, त्यामुळे फरकाबद्दल पास.

कॅसेटवाला

धागा काढल्याबद्दल आभार. आवडता विषय आहे, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगून ठेवतो.

ऑर्गन आणि आवाज यांच्याकडे लक्ष दिलंत तर सगळं सारखंच वाटणार, कारण त्या दोन गोष्टी त्यांनी मुद्दाम तशाच ठेवल्यात. माझा सल्ला: ठेक्याकडे कान द्या. या जोडीची सगळी कारकीर्द ड्रममध्ये ऐकू येते.

सुरुवात दोघांचीच. बासवाला नाही, ड्रमर नाही. मग ताल कुठून आणायचा? जुन्या घरगुती ऑर्गनमध्ये आणि स्वस्त कीबोर्डमध्ये आधीच भरलेले ठेके असतात ना, वॉल्ट्झ, बोसानोव्हा वगैरे, ते लावायचे आणि वर गायचं. पहिला अल्बम स्कॅलीच्या तळघरात अवघ्या दोन दिवसांत रेकॉर्ड झाला. तो हेडफोनवर ऐका. यंत्राचा ठेका खोक्यातून आल्यासारखा येतो, आणि त्याच्यामुळेच गाण्याला एक प्रकारचा जुनाटपणा येतो. २००८ चा 'डिव्होशन' त्याच घरातला, फक्त जास्त नीट आवरलेला. हे दोन्ही कारपार्क या लहान लेबलचे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचे.

मग २०१० चा 'टीन ड्रीम'. लेबल बदललं, सब पॉप आलं. निर्माता क्रिस कोडी आला, आणि रेकॉर्डिंग न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागातल्या एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केलाय, तिथे झालं. मुख्य म्हणजे खरा ड्रमर आला, डॅनियल फ्रांझ. 'झेब्रा' सुरू करा. गिटार एकटी फिरत राहते, आवाज येतो, आणि ड्रम जेव्हा येतात तेव्हा खोलीचं छत वर गेल्यासारखं वाटतं. 'टेन माइल स्टिरिओ'च्या शेवटापर्यंत तर तळघर आठवतही नाही.

जेवायला बोलावतायत, उरलेलं नंतर.

ठसका

कॅसेटवाला काका, म्हणजे ड्रमर आला तर जोडी कसली? त्रिकूट म्हणा. मला हा प्रकार कधी कळलेला नाही. स्टेजवर तिघं दिसतात आणि पोस्टरवर दोघं.

रेघोट्या

@ठसका, गाणी कोण रचतं यावर ठरतं ते. रचना दोघांची, निर्णय दोघांचे. ड्रमर बदलत गेले: आधी फ्रांझ, मग ग्रॅहम हिल, मग जेम्स बॅरोन. दोघं मात्र तेच. शिवाय स्टेजवर तिघं 'दिसतात' म्हणालात ते विनोदी आहे. त्यांच्या कार्यक्रमात कोणीच दिसत नाही. उजेड मागून, धूर समोर आणि मधे नुसत्या आकृत्या. तिसरा माणूस आहे हे बऱ्याच जणांना शेवटी नावं घेतात तेव्हाच कळत असेल.

ठसका

म्हणजे बिचाऱ्या ड्रमरला फोटोतही जागा नाही आणि उजेडातही नाही. ड्रमर संघटनेचा निषेध.

मंद्रसप्तक

मी हार्मोनियम वाजवते, त्यामुळे या जोडीकडे जरा वेगळ्या दारातून आले. लग्रांचे हात ऐका. बऱ्याच गाण्यांत ऑर्गनचा एक स्वर दाबलेलाच राहतो आणि खाली बाकीचे स्वर सरकतात. तो टिकलेला स्वर आधी घरचा वाटतो, मग खालचे स्वर बदलले की तोच परका वाटायला लागतो. गाणं कुठेही न जाता हलल्यासारखं वाटतं ते यामुळे. वर स्कॅली स्लाइड गिटारवर एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जातो, ते मींडेच्या फार जवळचं आहे.

आणि आवाज! ओळख नसताना मला तो पुरुषाचा वाटला होता. स्त्रीचा इतका खालचा आवाज आपल्याला पॉपमध्ये ऐकायची सवय नाही. सुरुवातीच्या अल्बममध्ये ती तो धरून ठेवते, 'टीन ड्रीम'मध्ये मोकळा सोडते. धागाकर्त्यांनी हा फरक तरी नक्की तपासावा.

षड्जपंचम

तानपुऱ्याची तुलना आता कोणीतरी करणारच, म्हणून आधीच विरोध नोंदवतो.

मंद्रसप्तक

मी केलीच नाहीये अजून! पण तुम्ही विषय काढलाच आहे तर, विरोध का?

षड्जपंचम

कारण तानपुरा हलत नाही. तो आधार आहे, गाणारा त्याच्याकडे परत येतो. इथे तुम्हीच लिहिलंत की टिकलेला स्वर खालच्या हालचालीमुळे परका होतो. म्हणजे तो आधार नाहीच, त्याचा आधार काढून घेतलाय. या दोघांच्या गाण्यांतली हुरहुर तिथून येते असं माझं मत. 'ड्रोन' (मागे सतत चालणारा एकच स्वर) म्हटलं की आपली मंडळी लगेच तानपुरा बाहेर काढतात आणि सगळ्या जगाचं संगीत आपलंच असल्याचं सिद्ध करून टाकतात.

मंद्रसप्तक

हे पटलं. मींडेवर मात्र मी ठाम आहे. 'नॉर्वे' ऐका, त्यात गिटारचा सूर मुद्दाम डगमगता ठेवलाय, जणू टेपच वितळतेय. स्वरांमधली जागा इतकी वापरणारा गिटारवाला इंडी पॉपमध्ये (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या पॉपमध्ये) शोधून दाखवा.

षड्जपंचम

डगमगणं आणि मींड यात फरक आहे, पण धागा हायजॅक व्हायला नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पिंट्या_द_ग्रेट

एवढे प्रतिसाद झाले आणि 'स्पेस साँग'चं नाव कोणी घेत नाही??? मला तर हे दोघं त्या एकाच गाण्यामुळे माहीत. रील्समध्ये किती वाजलंय ते. पाऊस, खिडकी, ब्रेकअप, काहीही असो, मागे तेच.

रेघोट्या

गंमत म्हणजे ते गाणं २०१५ च्या 'डिप्रेशन चेरी'मधलं आहे आणि तेव्हा ते सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून काढलंही नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी टिकटॉकवाल्या पोरांनी उचललं आणि आज त्यांचं सर्वांत ऐकलं गेलेलं गाणं तेच आहे. कंपनीला ठरवून असं काही घडवता आलं नसतं.

निमूट

चौथ्या गाण्याच्या पुढे गेलो नाही म्हणालो होतो ना. हे त्या अल्बममधलं तिसरं आहे. म्हणजे मी ऐकलंय. म्हणजे मी चाहता आहे.

कुरबुर

मला या 'स्पेस साँग' प्रकरणाचा राग येतो. पंधरा सेकंदांत वापरायला सोपं म्हणून पसरलेलं गाणं. वरून खाली उतरणारी सिंथची (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची) ती सुरावट कोणत्याही दृश्याला 'भावुक' करून टाकते. बीच हाउसचं काय, कोणाचंही संगीत असं वॉलपेपर झालं की संपलं. आणि धागाकर्त्यांचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. सगळं एकाच रंगाचं असलं की त्याचा वॉलपेपर होणारच.

पिंट्या_द_ग्रेट

कुरबुर काका, मी पंधरा सेकंदांवरून अख्ख्या अल्बमवर गेलो. तुम्ही अख्ख्या अल्बमवरून पंधरा सेकंदांवर आलात. कोण जास्त ऐकतंय?

गोधडी

अप्रतिम!!! (हा प्रतिसाद पिंट्याला)

बूमबॉक्स

हिपहॉपवाल्यांकडून हजेरी. ही जोडी आमच्याकडे टिकटॉकच्या बरीच आधी पोचली होती. द वीकेंड या गायकाच्या २०११ च्या 'हाउस ऑफ बलून्स' मिक्सटेपवर यांची दोन गाणी सॅम्पल झालीत, म्हणजे त्यांचे तुकडे उचलून नव्या गाण्यात वापरलेत: 'लॉफ्ट म्यूझिक'मध्ये 'गिला' आणि 'द पार्टी अँड द आफ्टर पार्टी'मध्ये 'मास्टर ऑफ नन'. पुढच्याच वर्षी रॅपर केंड्रिक लमारच्या 'मनी ट्रीज'मध्ये 'सिल्व्हर सोल'. केंड्रिकच्या गावच्या, कॉम्प्टनच्या रस्त्यांवरचं गाणं आणि त्याच्या पोटात बाल्टिमोरची ही स्वप्नाळू जोडी.

का चालतं ते सांगतो. सॅम्पल करणाऱ्याला तुकडा असा लागतो की जो गोल फिरवला तरी कंटाळा येत नाही आणि ज्याच्यात मोकळी जागा आहे. यांची गाणी मुळातच तशी बांधलेली असतात. एक छोटी सुरावट, ती फिरत राहते, ठेका संथ, बास कमी. वर रॅप टाकायला मैदान मोकळं. जे तुम्हाला 'सारखंच' वाटतं ते आम्हाला लूप, म्हणजे गोल फिरवायचा तुकडा वाटतं.

कॅसेटवाला

बूमबॉक्स, उत्तम प्रतिसाद. लूपचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आला.

आता पुढचं. २०१२ चा 'ब्लूम' म्हणजे 'टीन ड्रीम'ची दिशा शेवटपर्यंत नेणं. पुन्हा कोडी, पण या वेळी टेक्सासमध्ये, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या टोर्निओ गावात सोनिक रँच नावाचा स्टुडिओ आहे तिथे. 'मिथ', 'लाझुली', सगळं मोठं, चकचकीत. बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेला. तळघरातल्या दोघांसाठी हे फारच झालं.

आणि इथे त्यांनी जे केलं त्यासाठी मला ते आवडतात. 'डिप्रेशन चेरी'च्या वेळी त्यांनी लिहून जाहीर केलं की मोठे मंच आणि मोठ्याने वाजणारे ड्रम यांनी आम्हाला आमच्या स्वभावापासून लांब नेलं होतं, आता परत साधेपणाकडे, ड्रमचं काम कमी. आणि खरंच तसं केलं. पहिलंच गाणं 'लेव्हिटेशन' ऐका, ऑर्गनचा एक लांब पट्टा आणि त्याच्यावर जवळजवळ काहीच नाही. 'स्पार्क्स'मध्ये गिटार खरखरीत आहे, पण ठेका पुन्हा यंत्राचा. यशाच्या शिडीवर असताना खाली उतरून पाहणं सोपं नसतं.

त्याच्या बरोब्बर सात आठवड्यांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, अजून एक अख्खा अल्बम, 'थँक युअर लकी स्टार्स'. आधी जाहिरात नाही, मोठी मोहीम नाही. दोन्हींचं रेकॉर्डिंग लुइझियानामधल्या बोगालूसा गावी एकाच सत्रात. दोन्ही लागोपाठ ऐकले की कळतं, दुसरा जास्त उघडा, जास्त हाडकुळा आहे. 'एलेजी टू द व्हॉइड'चा शेवट ऐकून मला सांगा की हे झोपेचं संगीत आहे.

निमूट

ऐकलं. जागा आहे. तक्रार मागे.

शब्दखुळी

अवांतर: शब्द कोणाला कळतात का? मी कवितावाली बाई, मला शब्द लागतात. यांच्या गाण्यात आवाज इतका भिजलेला असतो की ओळ हाती लागेपर्यंत पुढची येते. छापील शब्द शोधून वाचले तर तिथेही कथा नाही, पात्र नाही, नुसती चित्रं आणि कोणाला तरी उद्देशून बोलणं.

रेघोट्या

मला तेच हवं असतं. सगळं सांगून टाकणारी गाणी भरपूर आहेत.

कुरबुर

हा बचाव फार सोयीचा आहे. शब्द कळले नाहीत तर 'गूढ', कळले आणि साधे निघाले तर 'साधेपणा'. शब्दखुळींशी सहमत. चांगला गीतकार धुक्याआड लपत नाही.

शब्दखुळी

नाही हो, मी तक्रार करत नव्हते. मला प्रश्न पडला होता एवढंच. अंताक्षरीत चालणार नाहीत, पण एकटीने ऐकताना शब्द नसल्याची अडचण होत नाही. चाल सुरू झाली की मीच त्यात माझं काहीतरी भरते.

चहाटळ

सर्वांच्या मनातला प्रश्न मी विचारतो. ते दोघं नवराबायको आहेत का?

रेघोट्या

नाहीत. इतक्या वेळा विचारलं गेलंय आणि इतक्या वेळा त्यांनी नाही म्हटलंय.

चहाटळ

म्हणूनच टिकले.

ठसका

हाहाहा. चहाटळ, तुमच्या सौ. हा धागा वाचतात का?

चहाटळ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

मंद्रसप्तक

अवांतरात अवांतर: लग्रां हे आडनाव ओळखीचं वाटलं का कोणाला? फ्रेंच संगीतकार मिशेल लग्रां, ज्यांना तीन ऑस्कर मिळाले, त्यांची ही पुतणी. जन्म पॅरिसचा. वयाच्या विशीत नाटकाचं शिक्षण घ्यायला अमेरिकेतून परत पॅरिसला गेली आणि ते सोडून बाल्टिमोरला आली.

कुरबुर

म्हणजे घराणेशाही इथेही.

मंद्रसप्तक

तळघरातला ऑर्गन आणि ठेक्याचं यंत्र. काय ती घराणेशाही!

वाऱ्यावरची_वही

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. कॅसेटवाला यांच्या सांगण्याप्रमाणे या वेळी फक्त ठेका ऐकत गेलो. पहिला अल्बम आणि 'ब्लूम' यांच्यातला फरक आता एका मिनिटात कळतो. 'टीन ड्रीम' आणि 'ब्लूम' मात्र मला अजूनही सख्खी भावंडं वाटतात.

पण माझा मूळ प्रश्न थोडा सरकलाय. मान्य की ड्रम बदलले, खोल्या बदलल्या, निर्माते बदलले. गाणं रचण्याची पद्धत बदलली का? की तेच गाणं वेगवेगळ्या खोल्यांत?

बूमबॉक्स

चांगला प्रश्न. २०१८ चा '७' ऐकलात का नीट? माझ्या मते तिथे पद्धत बदलली. तोवर त्यांचा नियम असा होता की स्टेजवर वाजवता येईल तेवढंच रचायचं. दोन माणसं, चार हात, त्यात बसेल ते. '७'च्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं की हा नियम सोडला. त्यामुळे काही गाण्यांत गिटारच नाही, काहींत कीबोर्ड नाही, आणि काही थर असे की ते मंचावर जसेच्या तसे उभे करता येणार नाहीत. कोडीही नाही. त्याच्या जागी सोनिक बूम, म्हणजे स्पेसमेन थ्री या जुन्या ब्रिटिश बँडचा पीटर केंबर. ड्रमवर जेम्स बॅरोन. पहिलं गाणं 'डार्क स्प्रिंग' सुरू झालं की वाटतं चुकून दुसराच बँड लागला.

'डाइव्ह' तर धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. अर्धं गाणं जुनं बीच हाउस, ऑर्गन आणि आवाज, हलत नाही. मग अचानक ड्रम धावायला लागतात आणि शेवटपर्यंत थांबत नाहीत. दोन्ही बँड एकाच गाण्यात.

कॅसेटवाला

यात एकच भर. मर्यादा होती म्हणून तो आवाज घडला, आणि चौदा वर्षं तो घडल्यावर मर्यादा सोडली, हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच अल्बमला शंभर ट्रॅक आणि मोठा स्टुडिओ मिळाला असता तर आज त्यांची दोन सेकंदांत ओळख पटली नसती. कितीतरी बँड पहिल्या कमाईत सगळी वाद्यं विकत घेतात आणि तिथेच हरवतात.

कुरबुर

आणि मर्यादा सोडल्याचं फळ म्हणजे 'वन्स ट्वाइस मेलडी'. अठरा गाणी, चौऱ्याऐंशी मिनिटं, चार हप्त्यांत. तंतुवाद्यांचा ताफा. निर्मितीही स्वतःच केली, म्हणजे 'पुरे' म्हणायला खोलीत तिसरं कोणी नाही. कोडी किंवा केंबर असते तर यातली सहा गाणी गळली असती आणि बरा अल्बम झाला असता.

रेघोट्या

चार हप्त्यांमुळेच मला तो आवडला. नोव्हेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२, दर काही आठवड्यांनी मोजकी गाणी. पहिल्या हप्त्यातल्या 'पिंक फ्युनरल' आणि 'सुपरस्टार'वर पुरेसा वेळ राहता आलं. सगळं एकदम आलं असतं तर शेवटची गाणी मी ऐकलीच नसती.

कुरबुर

म्हणजे तुम्हीच कबूल करताय की एकत्र ऐकवत नाही.

रेघोट्या

कादंबरीही एका बैठकीत वाचत नाही हो मी.

मंद्रसप्तक

कुरबुरजींशी अर्धी सहमत. लांबी जास्त झालीच आहे. पण तंतुवाद्यांवर राग नको. इतकी वर्षं ऑर्गन आणि सिंथवर जे लांब स्वर धरले जात होते ते इथे पहिल्यांदा खऱ्या माणसांनी गज ओढून धरलेत. स्वर तोच, पण प्रत्येक गजाचा श्वास वेगळा, त्यामुळे तो किंचित थरथरतो. यंत्राच्या स्वराला तो थरथराट नाही. मला ते ऐकून खूप बरं वाटलं. वाद्यवृंदाची मांडणी डेव्हिड कॅम्पबेल यांची आहे.

पिंट्या_द_ग्रेट

एक शंका. एवढं हिट गाणं असून जाहिरातींत का ऐकू येत नाहीत?

कॅसेटवाला

सगळ्यांना देत नाहीत. २०१२ मध्ये एका मोटार कंपनीच्या ब्रिटनमधल्या जाहिरातीत यांच्या 'टेक केअर'सारखंच वाटणारं गाणं वाजलं होतं. जोडीचं म्हणणं, आमच्याकडे परवानगी मागितली होती, आम्ही नाही म्हटलं, तर त्यांनी हुबेहूब वाटेल असं दुसरं करून घेतलं. त्यावर बरीच चर्चा झाली होती.

आता बघा, ज्यांचं 'सगळंच सारखं वाटतं' म्हणतो, त्यांच्यासारखं वाटणारं दुसरं कोणी बनवलं तर लोकांना लगेच कळलं.

षड्जपंचम

हा युक्तिवाद दोन्ही बाजूंनी चालतो. हुबेहूब करता आलं, म्हणजे साचा आहे.

कॅसेटवाला

साचा आहेच. ब्लूजलाही आहे, अभंगालाही आहे. साचा असणं हा आरोप कधीपासून झाला?

शब्दखुळी

+१. आणि अभंगाचा उल्लेख आलाच, तर आता कोणीतरी तानपुरा काढेल. पळते.

वाऱ्यावरची_वही

'डाइव्ह' ऐकलं. 'डिव्होशन'मधलं 'गिला' आणि हे लागोपाठ लावलं. बूमबॉक्स यांचा मुद्दा मान्य, रचना बदललीय, हे 'तेच गाणं दुसऱ्या खोलीत' नाही. 'टीन ड्रीम' ते 'थँक युअर लकी स्टार्स' या चार अल्बमबद्दल मात्र माझा हट्ट कायम. तिथे ड्रम कमीजास्त झाले, गाणं तसंच राहिलं. म्हणजे माझ्या हिशोबाने आठ अल्बमांत तीन बीच हाउस आहेत: तळघरातलं, मधलं आणि '७'पासूनचं. आळस म्हणणार नाही. पण मधल्या चारांतले दोन माझ्या फोनमधून गेलेत.

कॅसेटवाला

कोणते दोन, ते आधी सांगा. मग ठरवतो तुमच्याशी बोलायचं की नाही.

वाऱ्यावरची_वही

'ब्लूम' आणि 'थँक युअर लकी स्टार्स'.

कॅसेटवाला

'ब्लूम'??

रेघोट्या

'ब्लूम'???

गोधडी

'ब्लूम' काढून टाकला? मी पहिल्यांदाच दोन शब्दांपेक्षा मोठा प्रतिसाद लिहितेय. 'आयरीन' शेवटपर्यंत ऐकलंत? शेवटपर्यंत म्हणजे संपल्यावर बरीच मिनिटं शांतता येते, त्यानंतर एक लपवलेलं गाणं आहे, तिथपर्यंत?

वाऱ्यावरची_वही

शांतता आली तेव्हा फोन बंद पडला असं समजून पुढचा अल्बम लावला होता.

ठसका

धागाकर्त्यांना ड्रमर संघटनेत घ्या. यांनाही अंधारात काही दिसत नाही.

गोधडी

परत डाउनलोड करा. 'आयरीन' लावा आणि फोनला हात लावू नका. मग इथे येऊन लिहा.